राज्य जिंकलं, पण डेलिगेट कुणाला?

4 मार्च 2008. टेक्सासच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्यात होणाऱ्या मतदानात, हिलरी क्लिंटन यांना जवळपास 51 टक्के मतं पडली, बराक ओबामांना 47. क्लिंटन यांनी टेक्सास जिंकलं ही बातमी जगभर गेली आणि ती खरीच होती. पण त्याच टेक्सासमधून अखेरीस ओबामांच्या पदरात 99 डेलिगेट पडले आणि क्लिंटन यांच्या पदरात 94. हेही तितकंच खरं.

हा घोटाळा नव्हता, मोजणीतली चूकही नव्हती. राज्य जिंकणं आणि डेलिगेट जिंकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि उमेदवारी फक्त दुसरीवर मिळते.

डेलिगेट म्हणजे पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात बसून अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणारा माणूस. मराठीत ‘प्रतिनिधी’ म्हटलं की अमेरिकेचं प्रतिनिधिगृह डोळ्यांपुढे येतं, म्हणून आपण डेलिगेटच म्हणू या. आपला गोंधळ होतो तो बहुधा नोव्हेंबरमुळे. मुख्य निवडणुकीत मेन आणि नेब्रास्का सोडले तर सगळीकडे एका मताने जरी राज्य जिंकलं तरी तिथले सगळे इलेक्टर, म्हणजे अध्यक्ष निवडणारे मतदार, विजेत्याच्या खात्यात जातात. नकाशावर राज्यं लाल-निळी रंगवत बसायची सवय आपल्याला तिथेच लागते. मग वसंतातल्या पक्षांतर्गत लढतीकडेही आपण त्याच चष्म्यातून बघतो. डेमोक्रॅटिक पक्षात मात्र डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटले जातात. 15 टक्क्यांच्या खाली राहिलेल्याला काही नाही, बाकीच्यांना आपापला वाटा.

क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर इथे सामना जिंकल्याचे दोन गुण मिळतच नाहीत. सगळी गुणतालिका नुसत्या नेट रनरेटवर चालते. हरायचं तर थोडक्यात हरा, आणि जिंकायचं तर धुऊन काढा.

5 फेब्रुवारी 2008 ला एकाच दिवशी वीसहून जास्त राज्यांत मतदान झालं. त्यातली दोन राज्यं शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. न्यू जर्सी, म्हणजे एडिसन आणि आसपास आपली इतकी मंडळी राहतात ते राज्य, क्लिंटन यांनी दहा टक्क्यांनी जिंकलं. मतांची आघाडी एक लाखाच्या वर. डेलिगेट 59 विरुद्ध 48, म्हणजे निव्वळ कमाई 11. तिकडे आयडाहोत प्रायमरी नव्हती, कॉकस होता. कॉकस म्हणजे ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी स्वतः जमून आपली पसंती नोंदवायची सभा. मुळात रिपब्लिकनांच्या त्या राज्यात जेमतेम 21 हजार डेमोक्रॅट जमले. त्यांतल्या पाचांपैकी चार ओबामांच्या बाजूचे. आघाडी सुमारे 13 हजारांची. डेलिगेट 15 विरुद्ध 3, निव्वळ कमाई 12.

म्हणजे लाखभर मतांच्या आघाडीपेक्षा 13 हजारांची आघाडी एका डेलिगेटने भारी पडली. आयडाहो नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅट जिंकणार नाहीत हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. तरीही मतदानाच्या तीन दिवस आधी ओबामा तिथल्या बॉइझी शहरात सभा घेऊन आले होते. नकाशा बघणाऱ्याला तो वेळेचा अपव्यय वाटला असेल. हिशेब बघणाऱ्याला नव्हे.

पण खरी गंमत आणखी खाली, मतदारसंघाच्या पातळीवर आहे, आणि माझ्या मते डेलिगेटचं राजकारण तिथेच कळतं. राज्याचे बहुतेक डेलिगेट राज्यभराच्या मतांवर नाही, एकेका मतदारसंघातल्या मतांवर वाटले जातात. एखाद्या मतदारसंघाच्या वाट्याला 4 डेलिगेट असतील आणि लढत दोघांतच असेल, तर 51 टक्के मिळवणाऱ्याला 2 आणि 49 टक्केवाल्यालाही 2. साठ टक्के मिळाले तरी दोन-दोनच. तीन-एक व्हायला साडेबासष्ट टक्क्यांच्या पुढे जावं लागतं. आता शेजारच्या मतदारसंघात 3 डेलिगेट आहेत असं समजा. तिथे पन्नास टक्क्यांच्या वर एक मत पडलं की दोन-एक.

म्हणजे अशा सम, 4 डेलिगेटच्या मतदारसंघात 52 वरून 60 टक्क्यांवर जायला ओतलेला पैसा, राबलेले कार्यकर्ते, घासलेल्या चपला, सगळं पाण्यात. तोच जोर विषम आकड्याच्या मतदारसंघात 49 वरून 51 वर जायला लावला, तर एक डेलिगेट आपला आणि समोरच्याचा एक कमी. 4 डेलिगेटच्या मतदारसंघात कमजोर असलेल्याने फक्त साडेसदतीस टक्क्यांच्या खाली घसरायचं नाही, एवढं सांभाळलं की झालं. जिथे हरूनही निम्मे डेलिगेट मिळतात तिथे हरू द्यावं. ओबामांच्या मोहिमेत जेफ बर्मन यांच्याकडे खास याच हिशेबाचं काम होतं. हे गणित चौथीतल्या मुलाला जमेल असं आहे. ते सहा महिने आधी करून ठेवणं अवघड.

जानेवारीत नेवाडात याचं छोटं प्रात्यक्षिक झालं होतं. क्लिंटन यांना तिथल्या कॉकसमध्ये 51 टक्के, ओबामांना 45. त्या रात्रीच्या हिशेबाने डेलिगेट मात्र ओबामांना 13 आणि क्लिंटन यांना 12. लास व्हेगासच्या दाट वस्तीतली आघाडी सम आकड्यांत विरघळली, आणि राज्याच्या उत्तरेकडच्या विरळ भागातला विषम आकडा ओबामांनी उचलला.

टेक्सासमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं, वर आणखी एक पदर होता. राज्यातल्या 193 डेलिगेटपैकी 126 प्रायमरीतून ठरायचे होते आणि 67 कॉकसमधून. दिवसा मत द्यायचं आणि मतदान संपल्यावर संध्याकाळी पुन्हा त्याच केंद्रावर येऊन सही करायची. लोक त्याला ‘टेक्सास टू-स्टेप’ म्हणायचे, तिथल्या नाचावरून. प्रायमरीचे डेलिगेट राज्य सिनेटच्या 31 मतदारसंघांत वाटलेले होते, पण सारखे नाहीत: आधीच्या दोन निवडणुकांत जिथे डेमोक्रॅट उमेदवाराला जास्त मतं पडली तिथे जास्त डेलिगेट. त्यामुळे ऑस्टिनच्या मतदारसंघाला 8 आणि ह्यूस्टनच्या कृष्णवर्णीय वस्तीच्या मतदारसंघाला 7, तर दक्षिणेकडच्या हिस्पॅनिक पट्ट्यात, जिथे क्लिंटन यांचा बालेकिल्ला होता, तिथे तीन-चार. त्या पट्ट्यात त्यांना भरभरून मतं पडली, पण मापच लहान होतं. प्रायमरीतून त्यांना 65 आणि ओबामांना 61. राज्यात चार टक्क्यांनी जिंकून कमाई चार डेलिगेटची. संध्याकाळच्या कॉकसमध्ये ओबामांच्या संघटनेने 38 विरुद्ध 29 असा हात मारला, आणि दिवसाची कमाई संध्याकाळी व्याजासकट गेली.

एप्रिलमध्ये क्लिंटन यांनी पेनसिल्व्हेनिया नऊ टक्क्यांनी, दोन लाखांहून अधिक मतांनी जिंकलं. निव्वळ कमाई 12 डेलिगेट. आयडाहोएवढी!

क्लिंटन यांच्या माणसांना हे कळत नव्हतं असं समजू नये. त्यांच्याकडे हॅरॉल्ड आइक्स होते, पक्षाचे नियम कोळून प्यायलेले. पण राज्य जिंकण्यालाही स्वतःची एक किंमत असते: मथळे मिळतात, देणग्या येतात, लढतीत टिकून राहायला कारण मिळतं. शिवाय क्लिंटन यांना ओहायो, पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी अशी मोठी राज्यं एका विशिष्ट मंडळींना दाखवायची होती. ती मंडळी म्हणजे सुपरडेलिगेट.

प्रायमरी-कॉकसमधून येणारे डेलिगेट बांधील असतात. सुपरडेलिगेट म्हणजे पक्षाचे खासदार, गव्हर्नर, माजी अध्यक्ष, राष्ट्रीय समितीचे सदस्य. ते पदामुळे आपोआप अधिवेशनात बसतात आणि कुणालाही मत द्यायला मोकळे असतात. ही सोय 1984 पासून आली. 2008 मध्ये असे आठशेच्या वर होते, आणि सुरुवातीला त्यांच्यात क्लिंटन यांची आघाडी होती. पक्षाच्या 2018 च्या सुधारणेनंतर निकाल आधीच स्पष्ट नसेल तर पहिल्या फेरीत त्यांना मत नाही. (बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार 2022 मध्ये डेट्रॉइट भागातून डेमोक्रॅट म्हणून काँग्रेसवर गेले, तेव्हा या यादीत एक मराठी नावही आपसूक जाऊन बसलं.)

बांधील डेलिगेटमधली शंभर-सव्वाशेची पिछाडी भरून काढायची तर सुपरडेलिगेटना पटवावं लागणार होतं की मोठी राज्यं जिंकणाराच नोव्हेंबरमध्ये जिंकेल. युक्तिवाद वाईट नव्हता, पण त्यातल्या बहुतेकांना बांधील डेलिगेटचा कौल उलटवायची हिंमत नव्हती. मग फ्लोरिडा आणि मिशिगन उरली. ठरलेल्या तारखेआधी मतदान घेतल्याची शिक्षा म्हणून पक्षाच्या नियम समितीने दोघांचेही डेलिगेट काढून घेतले होते. आइक्स स्वतः त्या समितीत होते आणि शिक्षेच्या बाजूने मत देऊन बसले होते. 31 मे ला तेच आइक्स त्याच समितीत ते डेलिगेट परत मिळावेत म्हणून तावातावाने भांडत होते. समितीने प्रत्येक डेलिगेटला अर्धं मत दिलं. मिशिगनच्या मतपत्रिकेवर ओबामांचं नावच नव्हतं, तरी त्यांना तिथले 59 आणि क्लिंटन यांना 69 असे वाटून दिले. तीन दिवसांनी ओबामांनी उमेदवारीसाठी लागणारा 2,118 चा आकडा ओलांडला.

रिपब्लिकनांकडे खेळ उलटा, म्हणून त्यांच्या बातम्या वाचताना चष्मा बदलावा लागतो. तिथे कित्येक राज्यांत जिंकणाऱ्याला सगळं किंवा जवळपास सगळं मिळतं. 2016 मध्ये साउथ कॅरोलिनात ट्रम्प यांना साडेबत्तीस टक्के मतं आणि 50 पैकी 50 डेलिगेट. तिथे राज्य जिंकणं म्हणजेच डेलिगेट जिंकणं, असं वाटतं खरं. पण ट्रम्प यांचे प्रतिस्पर्धी टेड क्रूझ यांनी त्यातही फट शोधली होती. मत बांधील असतं, माणूस नसतो. अमुक डेलिगेटने पहिल्या फेरीत ट्रम्प यांना मत द्यायचं हे प्रायमरी ठरवते. तो डेलिगेट कोण, हे अनेक राज्यांत स्थानिक अधिवेशनं ठरवतात. तिथे क्रूझ यांचे कार्यकर्ते आपली माणसं बसवत होते. पहिल्या फेरीत कुणालाच बहुमताचे 1,237 डेलिगेट मिळाले नसते, तर पुढच्या फेऱ्यांत यातले बरेच जण मोकळे झाले असते. कोलोरॅडोत तर राज्यभर मतदानच झालं नाही आणि अधिवेशनांतून निवडलेले सगळे 34 डेलिगेट क्रूझ यांनी नेले. ट्रम्प यांनी फसवणूक म्हणून आरडाओरडा केला. नियम आधीपासून छापलेले होते. मे महिन्यात इंडियाना हरल्यावर क्रूझ यांनी माघार घेतली आणि ती दुसरी फेरी कधी आलीच नाही.

2008 च्या ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनात डेमोक्रॅटांची राज्यवार मोजणी सुरू झाली. न्यूयॉर्कची पाळी आली तेव्हा क्लिंटन स्वतः आपल्या राज्याच्या डेलिगेटमध्ये उभ्या राहिल्या, आणि मोजणी थांबवून ओबामांना आवाजी मतदानाने उमेदवार घोषित करावं असा प्रस्ताव त्यांनीच मांडला. डेलिगेट इतक्या बारकाईने जमवले गेले, पण अधिवेशनात ते शेवटपर्यंत मोजलेच गेले नाहीत.