बूट लोडरमधील बिघाड

संगणकाचे बटण दाबल्यावर फर्मवेअरकडून (मदरबोर्डवरच साठवलेल्या मूळ प्रोग्रामकडून) सूत्रे हाती घेणारा, ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल डिस्कवरून मेमरीत आणणारा आणि त्याच्याकडे काम सोपवून बाजूला होणारा छोटा प्रोग्राम म्हणजे बूट लोडर. त्याचे काम दोन-चार सेकंदांचे असते, त्यामुळे तो आहे हेच एरवी कुणाच्या लक्षात येत नाही. तो अडखळला की मात्र काळ्या पडद्यावर इंग्रजीतली एखादी ओळ उमटते आणि मशीन तिथेच थांबते. लिनक्ससाठी ग्रब आणि विंडोजसाठी बूट मॅनेजर हे आजचे सर्वाधिक वापरातले बूट लोडर. या नोंदीत भर ग्रबवर आहे, कारण त्याच्या चुकांचे संदेश सर्वांत बोलके आहेत आणि वापरणाऱ्याला ते स्वतः दुरुस्त करता येतात.

एक गोष्ट आरंभीच सांगायला हवी. बूट लोडर बिघडला म्हणजे डेटा गेला असे नाही. बहुतेक वेळा फाइली जागच्या जागी असतात, हरवलेला असतो तो फक्त त्यांच्यापर्यंत जाण्याचा पत्ता. तरीही ‘फॉरमॅट मारावा लागेल’ हा सल्ला इतक्या सहज दिला जातो की वर्षानुवर्षांचे फोटो, हिशेब आणि प्रबंधांचे मसुदे विनाकारण पुसले जातात. पडद्यावरची ओळ नीट वाचली तर साखळीतला कोणता दुवा तुटला हे बहुधा त्या ओळीतच लिहिलेले असते. म्हणून काहीही करण्याआधी मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवावा.

सुरू होण्याची साखळी

जुन्या बायोस पद्धतीत फर्मवेअर डिस्कचा पहिला सेक्टर (सर्वांत पहिला छोटा कप्पा) वाचते. हा मास्टर बूट रेकॉर्ड म्हणजेच एमबीआर. त्याचा आकार ५१२ बाइट. त्यातले ४४६ बाइट कोडसाठी, ६४ बाइट चार पार्टिशनांच्या (डिस्कच्या विभागांच्या) तक्त्यासाठी आणि शेवटचे दोन बाइट खुणेसाठी असतात. ही खूण जागेवर नसेल तर बायोस ती डिस्क बूट करण्याजोगी मानत नाही. ४४६ बाइटांत पूर्ण बूट लोडर बसणे अशक्य, म्हणून ग्रबचे तुकडे केलेले असतात. पहिला तुकडा एमबीआरमध्ये बसतो. दुसरा, ‘कोअर’ नावाचा, एमबीआर आणि पहिले पार्टिशन यांच्यामधल्या रिकाम्या जागेत असतो. बाकीची मॉड्यूल्स (गरजेनुसार जोडले जाणारे भाग) आणि मेन्यूची फाइल लिनक्सच्या पार्टिशनमध्ये, ‘बूट’ फोल्डरच्या पोटातल्या ‘ग्रब’ फोल्डरमध्ये राहतात. म्हणजे एकच प्रोग्राम तीन ठिकाणी विखुरलेला असतो, आणि या तिघांची एकमेकांशी चुकामूक होणे हे ग्रबच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ आहे.

नव्या यूईएफआय पद्धतीत फर्मवेअरला फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडण्याची रचना) समजते. डिस्कवर ईएफआय सिस्टिम पार्टिशन नावाचे फॅट या फाइल सिस्टिमचे एक लहान पार्टिशन असते. बूट लोडर तिथे साध्या फाइलीच्या रूपात असतो आणि त्याचा पत्ता मदरबोर्डवरच्या कायम स्मृतीत नोंदवलेला असतो. इथे कोडचे तुकडे करण्याची गरज उरत नाही, पण ती नोंद पुसली गेली की फाइल शाबूत असूनही संगणक ‘बूट करण्याजोगे काही नाही’ असे सांगतो.

लिलो ते ग्रब

लिनक्सच्या सुरुवातीच्या काळात लिलो हा बूट लोडर सर्रास वापरला जाई. चूक सांगण्याची त्याची तऱ्हा लक्षात राहण्यासारखी होती. स्वतःच्या नावाचे एकेक अक्षर तो कामाच्या टप्प्याप्रमाणे उमटवत असे. फक्त ‘एल’ दिसला तर पहिला टप्पा चालला पण दुसरा वाचता आला नाही, ‘एल आय’ वर अडकले तर दुसरा वाचला गेला पण चालला नाही, आणि चारही अक्षरे आली तर सर्व ठीक. कर्नल डिस्कवर नेमका कुठे आहे हे लिलो आधीच टिपून ठेवी. त्यामुळे नवा कर्नल टाकून लिलोची आज्ञा पुन्हा द्यायला विसरणारा दुसऱ्या दिवशी हमखास अडकत असे.

ग्रबची सुरुवात एरिक बोलिन यांनी १९९५ मध्ये केली, तीही लिनक्ससाठी नव्हे, तर ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची ऑपरेटिंग सिस्टिम, ग्नू हर्ड, सुरू करता यावी म्हणून. ग्रबला फाइल सिस्टिम वाचता येत असल्याने कर्नलच्या जागेचा नकाशा त्याला लागत नाही, फाइलीचे नाव पुरते. १९९९ मध्ये तो ग्नू प्रकल्पाचा अधिकृत भाग झाला. पुढे योशिनोरी ओकुजी यांच्या ‘पूपा’ या प्रकल्पातून ग्रब २ उभा राहिला आणि उबुंटू या लिनक्सच्या वितरणाने (तयार संचाने) ९.१० या आवृत्तीपासून, म्हणजे २००९ मध्ये, तो स्वीकारला. पहिल्या ग्रबमध्ये चुकांना क्रमांक होते : १५ म्हणजे फाइल सापडली नाही, १७ म्हणजे पार्टिशन माउंट झाले नाही (वापरासाठी जोडले गेले नाही), २१ म्हणजे डिस्कच नाही. ग्रब २ ने क्रमांक सोडून वाक्ये आणली, ते फार बरे झाले.

ग्रब रेस्क्यू

‘एरर : नो सच पार्टिशन’ आणि त्याखाली लुकलुकणारा ‘ग्रब रेस्क्यू’ हा प्रॉम्प्ट (आज्ञा लिहिण्याची जागा). विंडोज आणि लिनक्स एकाच डिस्कवर ठेवणाऱ्यांना हे चित्र परिचयाचे असते. ते नेमके कसे उद्भवते हे एका नेहमीच्या उदाहरणातून पाहू.

एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर पार्टिशन १ मध्ये विंडोजचा सी ड्राइव्ह आहे. एक्स्टेंडेड पार्टिशनच्या (आणखी पार्टिशने सामावणाऱ्या मोठ्या कप्प्याच्या) आत लॉजिकल पार्टिशने आहेत : ५ वर डी, ६ वर ई आणि ७ वर उबुंटू. डी ड्राइव्ह भरला म्हणून मालकाने विंडोजमधून ई काढून टाकला आणि ती जागा डीला जोडली. लॉजिकल पार्टिशनांचे क्रमांक सलग असतात, त्यामुळे मधले ६ गेले की ७ चे ६ होते. उबुंटूला कुणी हातही लावलेला नाही, पण ग्रबच्या कोअरमध्ये ‘माझ्या फाइली ७ वर आहेत’ असे कोरलेले आहे. पुढच्या वेळी मशीन सुरू केले की तो ७ नंबरच्या दारावर जातो आणि तिथे दारच नसते.

अशा वेळी रेस्क्यू प्रॉम्प्टवर मोजक्याच आज्ञा चालतात आणि टॅब दाबून नाव पूर्ण करण्याची सोयही नसते. तरी त्या पुरतात. आधी ‘एलएस’ लिहावे. ग्रबला दिसणाऱ्या डिस्का आणि पार्टिशने कंसांत उमटतात. ग्रब २ डिस्का शून्यापासून मोजतो आणि पार्टिशने एकपासून, हे ध्यानात ठेवावे. मग एकेका पार्टिशनचे नाव, पुढे तिरकी रेघ, असे देऊन ‘एलएस’ चालवत जावे. ५ वर ‘अननोन फाइल सिस्टिम’ असे उत्तर आले तर घाबरू नये. ते विंडोजचे पार्टिशन आहे, आणि कोअरमध्ये फक्त स्वतःच्या फाइल सिस्टिमचे मॉड्यूल भरलेले असल्याने ग्रबला या टप्प्यावर विंडोजची फाइल सिस्टिम वाचता येत नाही, इतकाच त्याचा अर्थ. नवख्याला इथे डी ड्राइव्ह उडाल्यासारखे वाटते, आणि नेमक्या याच क्षणी लोक फॉरमॅटच्या वाटेला लागतात. ६ वर ‘बूट’, ‘होम’ अशी फोल्डरांची ओळखीची नावे दिसली की ठिकाण सापडले.

आता ‘सेट’ आज्ञेने ‘प्रीफिक्स’ला सहाव्या पार्टिशनमधल्या ग्रब फोल्डरचा पत्ता आणि ‘रूट’ला त्या पार्टिशनचे नाव द्यायचे. नंतर ‘इन्समॉड नॉर्मल’ आणि शेवटी ‘नॉर्मल’. पत्ता बरोबर असेल तर ओळखीचा मेन्यू पडद्यावर येतो. ‘बूट’ वेगळ्या पार्टिशनवर असेल तर पत्त्यातून ‘बूट’ हा शब्द वगळावा, कारण त्या पार्टिशनच्या दृष्टीने ‘ग्रब’ फोल्डर वरच्याच पातळीवर असते.

ही डागडुजी त्या एका वेळेपुरतीच असते. मशीन सुरू झाल्यावर टर्मिनलमधून ‘ग्रब-इन्स्टॉल’ चालवून कोअर नव्याने लिहावा आणि ‘अपडेट-ग्रब’ ने मेन्यू नवा करावा. बायोस पद्धतीत ‘ग्रब-इन्स्टॉल’ला पूर्ण डिस्कचे नाव द्यायचे असते, पार्टिशनचे नव्हे. शेवटी चुकून आकडा जोडला गेला की ग्रब भलत्याच जागी बसतो आणि जुना बिघडलेला तसाच राहतो. नुसता ‘ग्रब’ प्रॉम्प्ट आला, त्यात ‘रेस्क्यू’ नसेल, तर परिस्थिती बरीच सोपी असते. मॉड्यूल्स सापडली आहेत, फक्त मेन्यूची फाइल सापडलेली नाही.

रेस्क्यूतून काम झाले नाही तर लाइव्ह (इन्स्टॉल न करता थेट चालणाऱ्या) पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करावे, मूळ पार्टिशन माउंट करावे, डेव्ह, प्रॉक आणि सिस हे फोल्डर त्यात जोडावेत आणि ‘सीएचरूट’ करून (म्हणजे त्या पार्टिशनलाच चालू सिस्टिम मानून) आतून ग्रब पुन्हा बसवावा. ‘बूट-रिपेअर’ हे साधन हेच काम खिडकीतल्या बटणावर करून देते. पेनड्राइव्ह ज्या पद्धतीने सुरू केला, बायोस की यूईएफआय, ती मूळ सिस्टिमशी जुळणे आवश्यक आहे. इथे गल्लत झाली तर सगळे बरोबर करूनही ग्रब चुकीच्या प्रकारचा बसतो, आणि दुरुस्ती फसण्यामागे हे कारण फार वेळा निघते.

जुळणी बिघडणे : २०२० चे उदाहरण

जुलै २०२० मध्ये ग्रबमधली ‘बूटहोल’ नावाची सुरक्षात्रुटी जाहीर झाली. प्रमुख लिनक्स वितरणांनी लगोलग दुरुस्त्या पाठवल्या, आणि अनेकांच्या मशीनवर ‘सिंबल ग्रब कॅलॉक नॉट फाउंड’ हा संदेश झळकला. नव्या मॉड्यूल्सना मेमरी मागण्याचे एक नवे फंक्शन हवे होते. पार्टिशनमधली मॉड्यूल्स अपडेटने बदलली, पण ज्या डिस्कवरून मशीन खरोखर सुरू होत होते तिच्यावरचा कोअर जुनाच राहिला, कारण पॅकेजच्या नोंदीत दुसरीच डिस्क होती. एकाच प्रोग्रामचे दोन तुकडे वेगवेगळ्या आवृत्तींचे झाले. उपाय पुन्हा तोच : योग्य डिस्कवर ग्रब बसवणे.

विंडोज

विंडोजचा बूट लोडर एक्सपीपर्यंत एनटीएलडीआर होता आणि व्हिस्टापासून बूटएमजीआर, म्हणजेच बूट मॅनेजर, झाला. ‘बूटएमजीआर इज मिसिंग’ हा संदेश पुष्कळदा डिस्कच्या दोषाने नव्हे, तर लावून ठेवलेल्या पेनड्राइव्हमुळे किंवा बदललेल्या बूट क्रमामुळे येतो. आधी सगळे काढून पाहावे. इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘बूटरेक’ ही दुरुस्तीची आज्ञा चालवणे हा प्रचलित उपाय आहे. यूईएफआयच्या मशीनवर त्यातले ‘फिक्सबूट’ अनेकदा ‘अ‍ॅक्सेस इज डिनाइड’ म्हणून हात वर करते. तिथे ईएफआय पार्टिशनला डिस्कपार्ट या साधनातून अक्षर देऊन ‘बीसीडीबूट’ने फाइली नव्याने लिहिणे अधिक खात्रीचे. दुरुस्तीच्या वातावरणात ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात, सी तिथे डी असू शकतो. म्हणून आधी ‘डीआयआर’ने फाइलींची यादी पाहून खात्री करावी. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे कूटलेखन) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय फर्मवेअरच्या सेटिंगला हात लावू नये.

सिक्युअर बूट

विंडोज ८ बरोबर रूढ झालेल्या या सोयीत फर्मवेअर फक्त डिजिटल सही केलेला बूट लोडरच चालवते. लिनक्स वितरणे त्यासाठी ‘शिम’ नावाचा छोटा, मायक्रोसॉफ्टच्या सहीचा प्रोग्राम पुढे ठेवतात आणि शिम ग्रबची पडताळणी करतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने जुन्या, त्रुटी असलेल्या बूट लोडरांना अटकाव करणारी यादी फर्मवेअरमध्ये लिहिली. दोन्ही सिस्टिम ठेवणाऱ्या अनेकांचे लिनक्स त्यानंतर ‘एसबॅट’ (या यादीशी ताडण्याची) पडताळणी फसल्याच्या संदेशावर अडले. त्यांच्या फाइलींत काहीही बिघडले नव्हते. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्स सुरू करणे, ती यादी पुसणे आणि शिम व ग्रब अद्ययावत करणे हा तिथला मार्ग ठरला.

बूट लोडरचा नसलेला दोष

उत्पादकाचा लोगोही दिसत नसेल किंवा बीप ऐकू येत असतील तर दोष रॅम वा मदरबोर्डकडे शोधावा. मेन्यू येतो, पण लिनक्स निवडल्यावर ‘कर्नल पॅनिक’ येते आणि रूट फाइल सिस्टिम माउंट न झाल्याचे सांगितले जाते, तेव्हा ग्रबने आपले काम पूर्ण केलेले असते. ‘बूट’ पार्टिशन भरल्यामुळे नव्या कर्नलची इनिटरॅमएफएस (सुरुवातीला लागणारी तात्पुरती फाइल सिस्टिम) फाइल अर्धवट राहणे हे यामागचे नेहमीचे कारण. मेन्यूतल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मधून जुना कर्नल निवडला की बहुधा काम भागते. रोज तारीख चुकत असेल आणि बूट क्रमही बदलत असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. काही रुपयांचा हा सेल बदलण्याऐवजी कितीतरी ठिकाणी विंडोज पुन्हा टाकले गेले आहे. सेल संपून साटाची (डिस्कच्या जोडणीची) पद्धत एएचसीआयवरून बदलली गेली तरी विंडोज सुरू होता होता कोसळते. डिस्क टिकटिक आवाज करत असेल तर मात्र दुरुस्तीचे प्रयोग तिथेच थांबवावेत आणि आधी डेटाची प्रत काढावी.

एमबीआर पद्धतीच्या डिस्कची पूर्वतयारी म्हणून पहिल्या सेक्टरची प्रत ‘डीडी’ या आज्ञेने काढून ठेवण्याची चांगली रीत आहे. प्रत ५१२ बाइटांची ठेवावी, पण परत लिहिताना पहिले ४४६ बाइटच लिहावेत. पूर्ण ५१२ लिहिले तर त्यासोबत पार्टिशनांचा जुना तक्ताही परत येतो आणि मधल्या काळात पार्टिशने बदललेली असतील तर प्राथमिक व एक्स्टेंडेड पार्टिशनांच्या सीमा चुकतात.