भाषा पुन्हा तोंडात येते कशी?

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मूलनिवासींच्या ३०हून अधिक भाषा आहेत. त्या अस्खलित बोलणारी माणसं बहुतांशी आता आजी-आजोबांच्या वयाची आहेत. मधली पिढी का गळाली, याचं कारण उघड आहे. कॅनडाभरातली सुमारे दीड लाख मूलनिवासी मुलं सरकार आणि चर्चच्या निवासी शाळांत डांबली गेली. तिथे आपल्या भाषेत बोललं की मार बसायचा. शेवटची शाळा बंद व्हायला १९९०चं दशक उजाडलं. ही मुलं मोठी झाली, आईबाप झाली आणि आपल्या लेकरांच्या वाट्याला ते येऊ नये म्हणून घरात इंग्रजीच बोलू लागली.

या साखळीत आणखी एक माणूस आहे, ज्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही. त्याला सगळं समजतं, पण तो बोलत नाही. भाषा जगवण्याच्या कामात अशांना ‘मूक भाषक’ म्हणतात. लहानपणी कानावर पडलेली भाषा त्यांच्या डोक्यात शाबूत असते, पण तोंड उघडलं की घसा दाटतो, शरम वाटते, चुकण्याची धास्ती बसते. त्यांना व्याकरण शिकवून काही साधत नाही. चार-पाच जणांच्या ओळखीच्या गटात, कुणी हसणार नाही आणि मध्येच दुरुस्त करणार नाही या अटीवर, आधी एका वाक्याने सुरुवात करावी लागते. भाषेचं काम आणि मनाच्या जखमा भरण्याचं काम इथे वेगळं काढताच येत नाही.

अगदी नव्याने शिकणाऱ्यांसाठी सगळ्यात भरवशाची ठरलेली पद्धत आहे गुरू-शिष्य जोडीची. ती १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या मूलनिवासी कार्यकर्त्यांनी भाषाशास्त्रज्ञ लिअ‍ॅन हिंटन यांच्या सोबतीने उभी केली. ब्रिटिश कोलंबियात ‘फर्स्ट पीपल्स कल्चरल कौन्सिल’ ही मूलनिवासी भाषांसाठी काम करणारी संस्था ती राबवते. एक जाणती व्यक्ती, एक प्रौढ शिष्य, वर्षाला ३०० तास, जास्तीत जास्त तीन वर्षं. म्हणजे आठवड्याला साधारण सहा तास, तेही इंग्रजी पूर्ण बाजूला ठेवून. आठवड्यातून दोनदा तासभर वर्ग भरवला तर वर्षाकाठी शंभर तासही जेमतेम होतात आणि त्यातला बराच वेळ इंग्रजीत समजावण्यात जातो. फरक इथेच पडतो.

हे तास धड्यांचे नसतात, कामाचे असतात. समजा, सामन मासा साफ करायचा आहे. आजी सुरी उचलतात आणि ‘मी सुरी घेते आहे’ असं पूर्ण वाक्य म्हणतात. नुसतं ‘सुरी’ म्हणून थांबत नाहीत. मग ‘तू घे’, ‘तिने घेतली’, ‘पोट चीर’. शिष्याला नाही कळलं तर हातवारे, पुन्हा तेच वाक्य, पण भाषांतर नाही. शिष्याकडे पहिल्या दिवसापासून तीन-चार वाक्यं पाठ हवीत: हे काय आहे, पुन्हा सांगा, आता मी काय करू, तुम्ही काय करताय. ही नसली की तो अडला रे अडला, इंग्रजीत शिरतो. अंदाजासाठी एक नियम सांगतात: नवा शब्द वीस वेगवेगळ्या प्रसंगांत वीस वेळा यायला हवा.

पूर्ण वाक्यांचा हट्ट धरण्याला कारण आहे. या भागातल्या सॅलिश कुळातल्या भाषांत अर्थाचा मोठा भार क्रियापदावर आणि त्याला लागणाऱ्या प्रत्ययांवर असतो. हात, तोंड अशा अवयवांचा अर्थसुद्धा प्रत्यय होऊन क्रियापदाला चिकटतो. त्यामुळे प्राणी, रंग, अंक यांच्या याद्या घोकणाऱ्याला दोनशे शब्द येतात, पण एक वाक्य जुळवता येत नाही. बरीच अ‍ॅप्स आणि तक्ते इथेच कमी पडतात.

जोडी बिघडण्याची कारणंही ठरलेली असतात. पहिल्या अर्ध्या तासात दोघंही थकतात आणि गप्पा नकळत इंग्रजीत सुरू होतात. अशा वेळी काम बदलावं किंवा सरळ थोडं थांबावं, दोन भाषांची सरमिसळ करू नये. काही वडीलधारे प्रत्येक उच्चार सुधारत बसतात आणि शिष्य गप्प होतो. योग्य रूप आपल्या उत्तरात सहज म्हणून दाखवणं पुरतं. गुरूंच्या वेळेचं मानधन नसेल, येण्याजाण्याची सोय नसेल, तर तास भरत नाहीत.

लहान मुलांसाठी न्यूझीलंडमधल्या माओरींनी १९८२ साली सुरू केलेला ‘भाषेच्या घरट्या’चा मार्ग आहे: पाच वर्षांखालची मुलं, आज्या, दिवसभर एकच भाषा. पण घरटं संपून इंग्रजी शाळा सुरू झाली की भाषा झपाट्याने ओसरते. ब्रिटिश कोलंबियातल्या अ‍ॅडम्स लेक इथल्या सेक्वेपेम्क या मूलनिवासी समाजाच्या पालकांनी म्हणूनच १९८७च्या घरट्यामागोमाग १९९१ साली चीफ अटाम ही स्वतःची शाळा काढली.

याच प्रांतातल्या समूहांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक लोकांना आपली भाषा बोलता येते अशा समूहांत तरुणांच्या आत्महत्यांचं प्रमाण लाखामागे सुमारे १३ होतं, बाकीच्यांत सुमारे ९७. भाषेमुळेच हे घडलं असं यातून सिद्ध होत नाही. जिथे भाषा टिकली तिथे जमिनीवरचा हक्क, स्वतःचा कारभार, एकमेकांना धरून राहणंही टिकलेलं असू शकतं. तरीही हे आकडे निधी मागताना आरोग्य खात्यासमोर ठेवावेत इतके ठळक आहेत, असं आमचं मत आहे.

वडीलधाऱ्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करताना एकच काळजी: प्रत्येक फाइलच्या नावात तारीख, बोलणाऱ्याची त्याच्या संमतीने ओळख आणि विषय त्याच दिवशी घालावा आणि ती कुणी ऐकायची हे समाजाने आधीच ठरवावं. काही गाणी आणि कथा ठरावीक घराण्यांच्याच असतात. त्या सर्वांसाठी खुल्या झाल्या की वडीलधारे पुढच्या वेळी बोलायला येत नाहीत.