क्रॉस कंट्री मार्गाची मोजणी

ट्रॅक आणि डांबरी रस्ता सोडून माती, गवत आणि चढउतारांवरून धावायच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीला क्रॉस कंट्री म्हणतात. तिचा मार्ग नेमका किती मीटरचा आहे हे कसे ठरवायचे आणि त्यावर लागलेल्या वेळेला विक्रम म्हणायचे का, हे दोन प्रश्न या खेळात कायम एकमेकांत गुंतलेले असतात. ग्रामीण विदर्भात ही शर्यत शाळांच्या आणि महाविद्यालयांच्या स्पर्धांतून होते. सोयाबीन निघाल्यावर मोकळी झालेली वावरे, पांदण रस्ते, गावाबाहेरच्या बरडी (खडकाळ, हलक्या जमिनी) आणि तलावाच्या पाळी हे तिचे नेहमीचे मार्ग. काही ठिकाणी सोय म्हणून मुलांना सरळ डांबरी रस्त्यावरच पळवले जाते. त्या शर्यतीला क्रॉस कंट्री म्हणणे हा केवळ कागदोपत्री शिरस्ता आहे.

वर्ल्ड ॲथलेटिक्स या जागतिक संघटनेकडे क्रॉस कंट्रीचा विश्वविक्रम नावाची नोंदच नाही. जगभरातील हवामान, जमीन आणि हंगाम यांत इतका फरक असतो की या प्रकाराचे पूर्ण प्रमाणीकरण अवघड आहे, हे संघटनेच्या नियमांतच मान्य केलेले आहे. मार्गाबाबत मात्र मार्गदर्शन आहे: एक फेरी 1500 ते 2000 मीटरची असावी आणि मोठ्या फेरीत एकूण किमान 10 मीटर चढ असावा. अंतराचा मेळ बसत नसेल तर एक छोटी फेरी जोडता येते, पण ती शर्यतीच्या सुरुवातीच्या टप्प्यातच धावली पाहिजे. जागतिक स्पर्धेत 2017 पासून वरिष्ठ पुरुष आणि महिला दोघांनाही 10 किलोमीटर अंतर आहे. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये फिनलंडचा धावपटू पावो नूर्मी याने क्रॉस कंट्री 32 मिनिटे 54.8 सेकंदांत जिंकली. तो मार्ग 10,650 मीटरचा होता आणि उन्हाचा कडाका असा होता की 38 पैकी 15 धावपटूच शेवटपर्यंत पोहोचले. त्यानंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून वगळला गेला. नूर्मीची वेळ ट्रॅकवरच्या 10,000 मीटरच्या वेळेशेजारी मांडून काहीच हाती लागत नाही.

रस्त्यावरच्या शर्यतींचे तसे नाही. तिथे विक्रम मान्य होतात, म्हणून मोजणीही काटेकोर असते. सायकलच्या पुढच्या चाकाला फेऱ्या मोजणारा काउंटर बसवतात. पोलादी टेपने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर आधी आणि नंतर सायकल चालवून किती फेऱ्यांना किती मीटर हे पक्के करतात आणि मग धावपटूला शक्य असलेल्या सर्वांत जवळच्या वाटेने मार्ग मोजतात. त्यावर दर किलोमीटरला एक मीटर जास्तीचा धरतात, म्हणजे 10 किलोमीटरचा मार्ग 10,010 मीटरचा आखला जातो. मार्ग थोडा लांब निघाला तर चालतो, तोकडा निघाला तर सगळेच बाद होते. 1981 च्या न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये अमेरिकेचा धावपटू अल्बर्टो सालाझार याने 2 तास 8 मिनिटे 13 सेकंद अशी तेव्हाची जगातील सर्वोत्तम वेळ दिली. पुढे फेरमोजणीत तो मार्ग सुमारे दीडशे मीटर कमी भरला. 2016 च्या ग्रेट स्कॉटिश रनमधील अर्धमॅरेथॉनही तशीच 149.7 मीटर तोकडी निघाली आणि त्या दिवशीचा स्कॉटलंडचा विक्रम रद्द झाला.

ही सायकल वावरात चालत नाही. डांबरावर ठरवलेला हिशेब मातीवर लागू पडत नाही, कारण टायर दबतो, घसरतो आणि हँडल डुलते. विदर्भातील काळी कन्हार जमीन तर मोजणाऱ्याची परीक्षाच पाहते. पाऊस संपल्यावर काही दिवस ती चाकाला लगद्यासारखी चिकटते आणि चाकाचा घेर वाढवते. वाळली की ढेकळे आणि भेगा. हाताने ढकलायचे मोजणीचे चाक अशा जमिनीवर प्रत्येक ढेकळावर चढते-उतरते, वाकडेतिकडे जाते आणि खऱ्यापेक्षा जास्त अंतर दाखवते. त्यावर विसंबून 2000 मीटरवर झेंडी लावली तर फेरी तेवढी कमी भरते. घड्याळातील जीपीएसही काही मीटर इकडेतिकडे होते, बाभळीच्या दाट रांगेखाली आणखी बिघडते. फेरी किती लांब आहे याचा अंदाज घ्यायला ते पुरते, मोजणी म्हणून चालत नाही.

उरतो तो पोलादी टेप, आणि खेड्यातल्या स्पर्धेसाठी तोच सर्वांत विश्वासाचा आहे. फायबरचा टेप ताण पडला की लांबतो, नायलॉनच्या दोरीबद्दल तर बोलायलाच नको. 50 मीटरच्या टेपने 2000 मीटरची फेरी मोजायला तो चाळीस वेळा टाकावा लागतो. यात सर्वांत मोठी चूक टेपची नसते, मोजदादीची असते. एक टप्पा विसरला की फेरीत 50 मीटर गेले आणि पाच फेऱ्यांच्या शर्यतीत 250. त्यावरचा जुना उपाय साधा आहे. पुढचा माणूस नेमक्या चाळीस खुंट्या घेऊन निघतो आणि प्रत्येक टप्प्याला एक रोवतो, मागचा ती उपटून गोळा करत येतो. मागच्याच्या हातात चाळीस खुंट्या आल्या की 2000 मीटर झाले. मग उलट दिशेने पुन्हा मोजायचे. दोन आकडे जुळले नाहीत तर कमी आकडा खरा धरायचा, म्हणजे मार्ग तोकडा राहत नाही. चढावर टेप जमिनीलगत धरायचा, कारण धावणारा जमिनीवरून धावतो, नकाशावरून नाही.

उन्हाने पोलाद वाढते. पोलादी टेप 20 अंश सेल्सिअसला बरोबर असतो. 40 अंशांत तो दर 100 मीटरला सुमारे 2.3 सेंटिमीटर लांबतो, म्हणजे 10 किलोमीटरला सव्वादोन मीटरच्या आसपास. भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे प्रमुख विल्यम लॅम्बटन पायारेषा, म्हणजे सगळ्या मोजणीला आधार असलेली जमिनीवरची पहिली रेषा, मोजताना साखळीचे तापमान टिपून हिशेबात घेत. त्यांचा मृत्यू 1823 मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला झाला. क्रॉस कंट्रीच्या मोजणीत मात्र उन्हाची ही चूक अगदीच किरकोळ ठरते.

खरे अंतर हरवते ते वळणावर. समजा पट्टा पाच मीटर रुंद आहे आणि मोजणाऱ्याने प्रामाणिकपणे त्याच्या मधोमध टेप टाकला. धावणारी मुले आतली कड धरून जातात. मार्ग एका बंद फेरीचा असेल तर आतल्या कडेची वाट मधल्या वाटेपेक्षा अडीच मीटर गुणिले 2π (π म्हणजे सुमारे 3.14), म्हणजे 15.7 मीटर कमी भरते. पाच फेऱ्यांत हे 78 मीटरच्या पुढे जाते. किलोमीटरला तीन मिनिटांच्या गतीने धावणाऱ्याला त्याचा 14 सेकंदांचा फायदा होतो. म्हणून टेप आतल्या कडेपासून सुमारे 30 सेंटिमीटरवरून न्यावा लागतो आणि कडेला खुंट्या, दोरी किंवा फक्कीची रेघ असावी लागते. वळणावर खुंटी नसेल तर पहिला गट धुऱ्यावरून (बांधावरून) उडी मारून जातो आणि मागचे सगळे त्याच वाटेने. अशा मार्गाचे मोजलेले अंतर आणि धावलेले अंतर ही दोन वेगळी अंतरे होतात. पंचाला तिथे उभे करणे हा मोजणीचाच भाग समजावा.

हे सगळे केल्यावरही विक्रम मिळत नाही, मग एवढा खटाटोप कशासाठी, असे क्रीडाशिक्षक विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की एका शर्यतीत सर्वजण एकाच मार्गावर धावतात, त्यामुळे फेरी 1960 मीटरची निघाली तरी क्रमांक खरे राहतात. खोटी ठरते ती वेळ. आणि मुले वेळच लक्षात ठेवतात. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांना हे लवकर कळते, कारण मैदानी चाचणीत पुरुषांना 1600 आणि महिलांना 800 मीटर धावायचे असते आणि गुण सेकंदांवर ठरतात. गावाबाहेरच्या रस्त्यावर मोटारसायकलचे रीडिंग पाहून 1600 मीटरची खूण केली जाते. त्या मीटरचा शेवटचा आकडा 100 मीटरला फिरतो, म्हणजे चूक 100 मीटरपर्यंत जाऊ शकते. सव्वापाच मिनिटांत 1600 मीटर धावणाऱ्यासाठी हे साधारण 20 सेकंद झाले. गावात पहिला येणारा मुलगा भरतीच्या मैदानावर का मागे पडला, याचे कारण कधी कधी त्या खुणेत असते.

एखाद्या मैदानापुरता विक्रम ठेवता येतो आणि तो ठेवावाही, पण मार्ग हललेला नसेल तरच. विदर्भात हे कठीण आहे. यंदा मोकळे असलेले वावर पुढच्या वर्षी तुरीखाली असते, कापलेल्या पऱ्हाटीचे (कपाशीच्या झाडांचे) खुंट पायात घुसतात म्हणून वाट बदलावी लागते, पांदण रस्त्याचे खडीकरण होते. दोन वर्षांच्या वेळा एका तक्त्यात लिहायच्या असतील तर प्रत्येक वेळेशेजारी फेरीची लांबी, मोजण्याची पद्धत आणि जमीन ओली होती की कोरडी हे लिहावे. वाट बदलली तर तक्ता नव्याने सुरू करावा. बक्षिसाच्या प्रमाणपत्रावर क्रमांक, वेळ आणि मोजलेले अंतर टाकावे. ‘विक्रमी वेळ’ हे शब्द तिथे लागत नाहीत.