जेरोनिमुश मठ, बेलेम

लिस्बन शहराच्या पश्चिम टोकाला, तेजू नदीच्या काठी बेलेम भागात असलेला हा मठ म्हणजे सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज वास्तुकलेचा सर्वांत भव्य नमुना. राजा पहिला मानुएल (कारकीर्द १४९५–१५२१) याने तो बांधायला घेतला. त्याच्याच नावावरून या शैलीला ‘मानुएलीन’ म्हणतात. पण हे नाव एकोणिसाव्या शतकात पडले, मठ घडवणाऱ्या पाथरवटांनी ते कधी ऐकलेही नव्हते. १९०७ मध्ये मठाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला आणि १९८३ मध्ये शेजारच्या बेलेम बुरुजासह त्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

या जागी आधी समुद्रमोहिमांचा पुरस्कर्ता राजपुत्र हेन्री याने दर्यावर्दींसाठी उभारलेले मेरीचे छोटे देऊळ होते. किनाऱ्याचे नाव रेश्तेलू. ८ जुलै १४९७ रोजी वास्को द गामा भारताकडे निघाला तो इथूनच. आदली रात्र त्याने व साथीदारांनी त्या देवळात प्रार्थनेत काढली, असे सांगतात. मानुएलने ही जागा संत जेरोमच्या अनुयायी साधूंना दिली. राजाच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायची आणि समुद्रावर जाणाऱ्यांना आध्यात्मिक आधार द्यायचा, हे त्यांचे काम. त्या काळी नदीचे पाणी मठाच्या जवळपर्यंत येत असे. आज मधे दिसणारी बाग १९४० च्या प्रदर्शनासाठी आखलेली आहे, त्यामुळे मठ पाण्यापासून तुटल्यासारखा वाटतो.

पायाभरणी ६ जानेवारीला झाली. साल १५०१ की १५०२ याबद्दल मतभेद आहेत. पैसा आला तो ‘व्हिंतेना दा पिमेंता’ या करातून. आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरचा हा विसावा हिस्सा, म्हणजे पाच टक्के, वर्षाला सुमारे ७० किलो सोन्याइतका भरत असे. नावात ‘पिमेंता’ म्हणजे मिरी असली तरी मिरी, दालचिनी आणि लवंग यांवरचा महसूल थेट राजाच्या तिजोरीत जाई. मलबारच्या मिऱ्यांवर मठ उभा राहिला, हे वाक्य म्हणूनच ऐकायला छान असले तरी अर्धेच खरे आहे.

मठाचे रूप ठरवले ते मात्र दगडाने. लिस्बनच्या आसपासच्या खाणींतून निघणारा ‘लियोश’ हा घट्ट, पिवळसर पांढरा चुनखडीचा दगड क्रिटेशस या भूशास्त्रीय काळातला आहे. त्यात रुडिस्ट नावाच्या शिंपल्यांचे जीवाश्म आहेत. लिस्बनच्या फरशांवर आणि पायऱ्यांवर त्यांचे गोल, लांबट ठसे सहज दिसतात. हा दगड इतका घट्ट की त्यात दोरखंडाचा पीळन्‌पीळ कोरता येतो आणि कोरलेली कड शतकानुशतके टिकते. शिवाय खाणी जवळ, आणि नदीतून वाहतूक सोपी. राजाची हौस होतीच, पण मऊ किंवा सच्छिद्र दगडावर असे नक्षीकाम टिकलेच नसते.

पहिला मुख्य स्थपती दियोगु द बोयताका. त्याने आराखडा आखला, चर्च आणि ओवऱ्यांचा चौक सुरू केला. त्याच्यानंतर स्पेनमधल्या कॅस्टिलहून आलेल्या झुवांव द कास्तिल्यूकडे सूत्रे गेली. १५१७ मध्ये कामाचे भाग पाडून ते निरनिराळ्या उस्तादांना ठेक्याने दिले गेले. एकाच इमारतीत कोरीव कामाचे हात वेगवेगळे दिसतात ते यामुळे.

चर्चची खरी करामत छतात आहे. मध्ययुगीन युरोपातल्या गॉथिक शैलीच्या चर्चमध्ये सहसा मधला भाग उंच आणि बाजूचे भाग ठेंगणे असतात, आणि मधल्या छताचा बाहेर ढकलणारा जोर पेलायला बाहेरून कमानींचे टेकू द्यावे लागतात. इथे तिन्ही भाग सारख्याच उंचीचे आहेत. भिंतीपासून भिंतीपर्यंत एकच उथळ कमानदार छत पसरले आहे आणि त्याखाली दगडी फासळ्यांचे जाळे आहे. जोर बाहेरच्या भिंतींवर जातो, खांबांना मुख्यतः उभा भार तेवढा पेलायचा असतो. म्हणूनच ते इतके सडसडीत करता आले: मोकळी उंची सुमारे १६ मीटर आणि जाडी जेमतेम एक मीटर. खांबांच्या माथ्यावरून फासळ्या माडाच्या झावळ्यांसारख्या फुटतात. त्या केवळ शोभेच्या नाहीत, छताचा भार गोळा करून खांबावर आणण्याचे काम त्या करतात. पुढे चर्चला आडवे छेदणाऱ्या दालनावरचे छत सुमारे २९ मीटर रुंद आणि १९ मीटर खोल आहे, आणि त्याखाली एकही खांब नाही. हे काम १५२२ मध्ये पुरे झाले.

दोन्ही बाजूंच्या भिंती सारख्या नाहीत. दक्षिणेची भिंत दोन मीटरच्या आत-बाहेर जाड, म्हणून तिला बाहेरून मोठे धिरे दिले आहेत. उत्तरेची जवळजवळ साडेतीन मीटर जाड, आणि ती जाडी वाया घालवलेली नाही. तिच्यातूनच जिना वर जातो, आणि तिच्या पोटात पापनिवेदनाच्या बारा खोल्या आहेत. साधू ओवरीच्या बाजूच्या दारातून आत बसायचा, पापनिवेदन करणारा चर्चच्या बाजूने यायचा, मधे जाळी. दोघांनी एकमेकांच्या आवारात पाऊल टाकायची गरजच नव्हती.

१ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात लिस्बनचा मोठा भाग जमीनदोस्त झाला, पण मठाचे नुकसान तुलनेने थोडे झाले. तरीही अभियंत्यांची नजर आज याच सडपातळ खांबांवर असते. उंची जाडीच्या सोळापट असल्यावर खांबाचा माथा थोडा जरी सरकला तरी छताचा भार मध्यरेषेपासून ढळतो.

ओवऱ्यांचा चौक ५५ मीटर बाजूचा आणि दुमजली आहे. त्याचे कोपरे तिरके छाटल्यामुळे आत उभे राहिल्यावर तो चौरस वाटतच नाही. कमानींवर दोरखंड, गाठी, प्रवाळ, पाने, ‘ख्रिस्त संघ’ या पोर्तुगीज लष्करी धर्मसंघाचा क्रूस आणि मानुएलचे बोधचिन्ह असलेला कड्यांचा खगोल कोरला आहे. वाटाडे प्रत्येक नक्षीत समुद्र दाखवतात, ते जरा अतीच होते. यातला बराच भाग उत्तर-गॉथिक आणि स्पॅनिश वळणाची वेलबुट्टी आहे.

पाहणाऱ्याची पहिली चूक होते ती दाराबाबत. नदीकडचे दक्षिणद्वार ३२ मीटर उंच आणि १२ मीटर रुंद. मध्यभागी मेरी, वर देवदूत मायकेल, आणि दोन दारांमधल्या खांबावर राजपुत्र हेन्री. हेच मुख्य दार असे वाटते, पण ते बाजूचे आहे. खरे मुख्य दार पश्चिमेचे, वेदीच्या समोरचे. फ्रेंच शिल्पकार निकोलाउ शांतरेनने तिथे गुडघे टेकलेले मानुएल आणि राणी मारिया कोरले आहेत. पुढे बांधलेल्या भागांमुळे हे दार सावलीत गेले आणि लोक त्याखालून मान वर न करताच आत जातात. पोर्तुगालमध्ये पुनरुज्जीवन (रेनेसाँ) काळाची शिल्पकला जिथे पहिल्यांदा ठळक दिसते अशा जागांपैकी ही एक आहे.

वेदीगृह मात्र वेगळ्याच वळणाचे आहे. राणी कातारिनाने १५७१ च्या सुमारास जेरोनिमु द रुआंवकडून ते नव्याने बांधून घेतले: रंगीत संगमरवर, सरळ रेषा, नक्षीला पूर्ण फाटा. इथल्या राजघराण्याच्या शवपेट्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवल्या आहेत. बाजूच्या दालनात असलेल्या सेबाश्तियांव राजाच्या थडग्यावरचा लॅटिन लेख ‘वार्ता खरी असेल तर’ इथे तो पुरला आहे असे म्हणतो. १५७८ मध्ये मोरोक्कोच्या लढाईत तो पडला आणि परतलेला देह त्याचाच का, याची खात्री कुणालाच नव्हती.

दारातून आत येताच दोन्ही अंगांना वास्को द गामा आणि कवी लुईश द कामोंइश यांची थडगी आहेत. ती जुनी दिसली तरी घडण एकोणिसाव्या शतकातली. गामा २४ डिसेंबर १५२४ रोजी कोचीत वारला आणि तिथल्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये पुरला गेला. १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला, विदिगेइराला नेले. बेलेमला ते आले १८८० मध्ये.

१५८० मध्ये स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे पोर्तुगालची गादी गेली, पैसा स्पेनमधल्या एस्कोरियल या राजवाडा-मठाच्या बांधकामाकडे वळला आणि इथले काम थंडावले. १८३३ मध्ये साधूंना मठ सोडावा लागला. वास्तू ‘काझा पिया’ या अनाथांच्या संस्थेकडे गेली आणि डागडुजीचा उत्साह सुरू झाला. हे काम रांबुआ आणि चिनाती या दोघांकडे आले. ते होते लिस्बनच्या ऑपेरागृहाचे नेपथ्यकार. पडद्यावर शोभेल असा उंच मनोरा त्यांनी साधूंच्या जुन्या निवासाच्या मध्यभागी चढवायला घेतला आणि डिसेंबर १८७८ मध्ये तो कोसळला. घंटाघराचे आजचे टोपीसारखे शिखरही त्याच पर्वातले. पश्चिमेचा लांबलचक भाग ‘मानुएलीन’ म्हणून पाहताना हे ध्यानात ठेवावे: त्यातले बरेचसे एकोणिसाव्या शतकाने कल्पिलेले सोळावे शतक आहे. तिथे आता पुरातत्त्व आणि नौकानयन अशी दोन संग्रहालये आहेत.

लियोशचे दुखणे बाहेरून लागते. सावलीच्या व ओलीच्या बाजूला शेवाळ आणि दगडफूल धरते; पावसापासून आडोशाला असलेल्या कोरीव खाचांत धुराची काळी खपली जमते. सांधे सिमेंटने भरले तर ओल सिमेंटमधून बाहेर पडू शकत नाही, ती दगडाच्या कडेने वाट काढते आणि कड झडते. म्हणून सांध्यांना चुन्याचाच माल वापरतात, आणि खरवडण्याऐवजी सौम्य सफाई करतात.

गोव्यात ही शैली आली ती मुख्यतः दारापुरती. जुन्या गोव्यातील सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्च सतराव्या शतकात नव्याने बांधले गेले, पण आधीच्या इमारतीचे मानुएलीन दार तसेच ठेवले. ते काळ्या दगडाचे आहे. बाकी भिंती जांभ्याच्या, आणि जांभ्यात असे कोरीव काम टिकत नाही. जांभा भोकाळ असतो, त्याला चुन्याचा गिलावा लागतो. पोर्तुगालमध्ये अंगवळणी पडलेला ‘मूळ दगड उघडा करा’ हा विचार घेऊन १९५० च्या दशकात बाल्ताझार काश्त्रू या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाने जुन्या गोव्यातल्याच बॉम जेझस चर्चचा गिलावा उतरवला. लिस्बनच्या दगडाला उघडे राहणे मानवते. कोकणच्या पावसात जांभ्याला ते मानवले नाही, आणि तेव्हापासून त्या भिंती झिजत आहेत.