जखम नाही, म्हणून संमती?

१९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात (तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आता गडचिरोली) एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार होती. आरोपी दोन पोलीस. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोघांनाही सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार झाला नाही, हा त्या निकालातला एक कळीचा मुद्दा होता. पुढच्याच वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं: नाइलाजाने गप्प राहणं ही संमती नव्हे.

शरीराचंही म्हणणं तेच आहे. सुटकेची वाट दिसेनाशी झाली की माणसाचे हातपाय आणि आवाज आपोआप गोठू शकतात. याला ‘टॉनिक इमोबिलिटी’ म्हणतात. इच्छेचा इथे संबंध नसतो. स्टॉकहोममधल्या बलात्कारपीडितांसाठीच्या तातडीच्या केंद्रात आलेल्या २९८ महिलांपैकी ७० टक्क्यांनी अशी लक्षणीय अवस्था अनुभवल्याचं सांगितलं. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरायची नाही, हे आपल्या कायद्यात २०१३ पासून स्पष्ट लिहिलेलं आहे.

आठवणींचं गणितही उलटतपासणीच्या सोयीचं नाही. भीतीच्या क्षणी सगळं लक्ष धोक्यावर खिळतं. घटनेचा गाभा बहुधा पक्का राहतो, पण किती वाजले होते, दार कोणत्या बाजूला होतं, हे निसटतं. वकील नेमके तिथेच बोट ठेवतात. गुजरातमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच बजावलं होतं की साक्षीदाराच्या डोक्यात व्हिडिओ टेप फिरत नसते. बारीकसारीक तफावतीने साक्ष कोसळत नाही, गाभ्यातली तफावत मात्र महाग पडते. सर्वोच्च न्यायालयाच्याच १९९६ च्या निकालानुसार विश्वासार्ह वाटली तर पीडितेची एकटीची साक्षही शिक्षेला पुरते. २०१२ मध्ये अशा साक्षीची कसोटी अधिक कडक शब्दांत आली: पहिल्या जबाबापासून कोर्टापर्यंत हकिकत एकच हवी, उलटतपासणीत न डगमगणारी हवी आणि बाकीच्या पुराव्याशी जुळणारीही.

मग साक्षीदाराचा चेहरा? ती रडली नाही, नजर चुकवत होती, फारच शांत होती, असे शेरे अजूनही ऐकू येतात. माझ्या मते हा सगळ्यात कच्चा पुरावा. बाँड आणि डीपाउलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये, सुमारे २४ हजार लोकांनी दिलेले अंदाज एकत्र तपासले. समोरचा खरं बोलतोय की खोटं, हे ओळखण्यात माणसं सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर ठरली. नाणं उडवलं तरी ५० येतात! तरी साक्षीदाराच्या हावभावांवर महत्त्वाचा वाटेल तो शेरा न्यायाधीशाने नोंदवावा, ही तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ती तशीच आली आहे.