775 सालचं वलय

जपानच्या दक्षिणेला याकुशिमा नावाचं बेट आहे. तिथली सुगी जातीची झाडं हजार हजार वर्षं उभी असतात. अशा झाडाचा आडवा छेद घेतला की बारीक वलयं एकमेकांना बिलगून बसलेली दिसतात. एक वलय म्हणजे एक वर्ष. नागोया विद्यापीठातल्या फुसा मियाके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही वलयं एकेक करून सुटी केली, लाकडातलं सेल्युलोज तेवढं ठेवलं आणि त्यातला कार्बन-14, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, मोजला. 774 पर्यंत सगळं नेहमीसारखं होतं. 775 च्या वलयात आकडा एकदम 1.2 टक्क्यांनी चढला. 2012 मध्ये हे प्रसिद्ध झालं.

1.2 टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. पण सूर्याच्या नेहमीच्या चढउतारामुळे एवढ्या काळात जेवढा फरक पडतो, त्याच्या हा सुमारे 20 पट आहे.

अवकाशातले वेगवान कण वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळतात, तिथे न्यूट्रॉन सुटतात आणि ते नायट्रोजनला धडकले की कार्बन-14 तयार होतो. त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, पानं तो आत घेतात आणि त्या वर्षीच्या लाकडात तो बसून राहतो. 5730 वर्षांत त्यातला निम्मा विरतो, म्हणून मोजताना तेवढी घट धरावी लागते. लाकडाचं वय काढायची पद्धतही यावरच उभी आहे. पूर्वी मात्र दहा-दहा वर्षांची वलयं एकत्र करून मोजत, त्यामुळे 775 चा चढ सरासरीत बुजून जायचा. प्रत्येक वलय वेगळं मोजायची चिकाटी कुणीतरी धरली, हीच मला या शोधातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

775 मध्ये माणसं कशात गुंतली होती? फ्रँकांचा राजा शार्लमेन यानं आदल्या वर्षी इटलीतलं पाविया घेऊन लोंबार्डांचं राज्य बुडवलं होतं आणि आता तो सॅक्सनांवर चालून गेला होता. सप्टेंबरात कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट पाचवा कॉन्स्टंटाइन वारला. पुढच्याच महिन्यात बगदाद वसवणारा खलिफा अल-मन्सूर मक्केच्या वाटेवर मरण पावला. आपल्याकडे राष्ट्रकूटांचं राज्य होतं. वेरूळचं कैलास लेणं त्याच पिढीतल्या पहिल्या कृष्णाचं. इंग्लंडच्या अँग्लो-सॅक्सन इतिवृत्तात त्याच सुमारास सूर्यास्तानंतर आकाशात लाल क्रूस दिसल्याची नोंद आहे. काही अभ्यासक त्याला ध्रुवीय प्रकाश म्हणतात, काही खळं. नेमक्या सालाबद्दलही वाद आहे, तेव्हा त्या एका ओळीवर फार भार टाकू नये.

झाडांची साक्ष मात्र पक्की आहे. युरोपातल्या ओकमध्ये तोच चढ, दूर न्यूझीलंडच्या कौरी वृक्षातही तोच. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात त्याच काळच्या थरांत बेरिलियम-10 वाढलेलं सापडलं, ग्रीनलंडच्या बर्फात क्लोरीन-36 सुद्धा. कार्बन-14 सारखेच हे दोन्हीही वातावरणावर कण आदळूनच तयार होतात. सुरुवातीला कुणी सुपरनोव्हाकडे, म्हणजे ताऱ्याच्या स्फोटाकडे, कुणी गॅमा किरणांच्या स्फोटाकडे बोट दाखवलं. पण या तिन्हींची प्रमाणं एकत्र पाहिली तर ती प्रोटॉनच्या माऱ्याशी जुळतात. म्हणून सूर्यावरच प्रचंड वादळ उठलं असणार, असं आता बहुतेक अभ्यासक मानतात. उपकरणांनी आजवर मोजलेल्या कोणत्याही सौर कणवादळापेक्षा ते कितीतरी पटींनी मोठं होतं. जमिनीवरच्या माणसांवर वातावरणाचं पांघरूण होतं. आज तसंच वादळ आलं तर उपग्रहांवर असं काही पांघरूण नाही, ही काळजी खरी आहे.

असाच, थोडा लहान, चढ 993 च्या वलयात आहे. त्याचा फार सुंदर उपयोग झाला. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर, लान्स ओ मेडोज इथे व्हायकिंगांची जुनी वस्ती सापडलेली होती, पण नेमकं साल हाती नव्हतं. तिथे धातूच्या पात्यानं तोडलेली लाकडं मिळाली. संशोधकांनी तीन वेगवेगळ्या झाडांच्या तुकड्यांत 993 चं वलय शोधलं आणि तिथून सालीपर्यंत मोजत गेले. तिन्हींत 28 वलयं भरली. ती झाडं 1021 साली तोडलेली होती.