व्होल्ट गुणिले अँपिअर, आणि उच्चदाबाचं बिल

एप्रिल 2020 पासून महाराष्ट्रात कारखान्यांसारख्या उच्चदाब ग्राहकांची वीज केडब्ल्यूएचऐवजी (किलोवॅट-तास, म्हणजे प्रत्यक्ष कामाला आलेली वीज) केव्हीएएचमध्ये (केव्हीए-तास, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअरचा पूर्ण हिशेब) मोजली जाते. रबाळे, महापे, वागळे इस्टेट इथल्या कारखान्यांतल्या मेंटेनन्सवाल्यांसाठी हा निव्वळ बिलाचा मामला नाही. व्होल्टला अँपिअरनं गुणलं की जे मिळतं त्याचे पैसे कुणी भरायचे, असा हा प्रश्न आहे.

गुणाकार जुनाच. 1820 च्या दशकात एका जर्मन शाळामास्तरनं दाब, प्रवाह आणि रोध यांचं नातं शोधलं. बॅटरीचा दाब ढळतो म्हणून त्यानं तांबं आणि बिस्मथ यांची उष्णतेवर चालणारी जोडी वापरली. 1841 मध्ये इंग्लंडमधल्या एका ब्रुअरीवाल्याच्या मुलानं दाखवलं, की तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्ट, ओहम, अँपिअर 1881 मध्ये पॅरिसला ठरले. घरातल्या 2000 वॅटच्या गिझरला हे जसंच्या तसं लागू पडतं: 230 व्होल्टला 8.7 अँपिअर, रोध साधारण 26 ओहम. दाब 207 वर घसरला की उरतात 1620 वॅट, आणि अंघोळीला उशीर.

हार्बर लाइनवर हा सरळपणा बराच टिकला. 3 फेब्रुवारी 1925 ला बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती 1500 व्होल्ट डीसीवर. 1992 मध्ये लाइन खाडी ओलांडून वाशीला आली तीही डीसीवरच. डीसीत व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, त्यात वादाला जागा नाही. एप्रिल 2016 मध्ये ही लाइन 25,000 व्होल्ट एसीवर गेली. तेवढ्याच शक्तीला आता सुमारे सतरावा हिस्सा प्रवाह पुरतो, आणि तारेचा रोध तोच धरला तर उष्णतेतला तोटा पावणेतीनशे पटींनी कमी होतो. मात्र एसीबरोबर पॉवर फॅक्टरही येतो, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअरमधला कामाला येणारा वाटा.

मोटारीत प्रवाह दाबाच्या मागे रेंगाळतो, यालाच लॅग म्हणतात. पॅनलवर 415 व्होल्ट आणि तिन्ही फेजमध्ये 100 अँपिअर दिसले तर (तीन फेजसाठी 1.732 नंही गुणून) हिशेब होतो 72 केव्हीए. पॉवर फॅक्टर 0.8 असेल तर कामाला येतात साडेसत्तावन्न किलोवॅट. केबल मात्र पूर्ण 100 अँपिअरनं तापते. म्हणून केव्हीएएचची आकारणी तत्त्व म्हणून चुकीची नाही, हे कारखानदारांनीही मान्य करायला हवं. पूर्वी बिल किलोवॅट-तासांवर निघायचं आणि पॉवर फॅक्टर चांगला असला तर सूट, वाईट असला तर दंड, असा वेगळा हिशेब असे. 2020 मध्ये ती सूट आणि तो दंड दोन्ही गेले. सगळं युनिटमध्येच आलं.

खरं भांडण त्याआधीच्या, सप्टेंबर 2018 च्या आदेशातलं. तोवर लोक लॅगकडेच बघत होते. लॅग भरून काढणारी कपॅसिटर बँक भरपूर लावायची, रविवारीही चालू ठेवायची, पॉवर फॅक्टर एकच्या जवळ दिसायचा. राज्याच्या वीज नियामक आयोगानं लीडही (कपॅसिटर जास्त झाले की प्रवाह दाबाच्या पुढे जातो तो) मोजायला सांगितलं. तेही लॅगमधून वजा करून नाही, तर त्यात मिळवून. महिन्याला 80,000 किलोवॅट-तास, आणि कामाला न येणाऱ्या भागाचे (केव्हीएआर-तास) 10,000 लॅग आणि 10,000 लीड असा कारखाना घ्या. केव्हीएएच म्हणजे या दोन भागांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ. वजाबाकी केली तर केव्हीएएच 80,000 च राहतात. बेरीज केली तर 82,462 होतात, म्हणजे एकही मोटार जास्त न फिरवता तीन टक्के वाढ.

वितरण कंपनीचं म्हणणं असं, की दुपारचा लॅग आणि मध्यरात्रीचा लीड एकमेकांना फेडत नाहीत. रात्री हलक्या लोडवर लीडमुळे लाइनचा दाब चढतो. मुद्दा बरोबर आहे. पण दुपारी शेजारचे दहा कारखाने लॅगमध्ये असताना एखाद्याचा लीड त्याच फीडरला (त्या भागाच्या वीजलाइनला) हातभार लावतो, त्याचं काय? त्याही तासाला बिल वाढतंच. घड्याळाप्रमाणे विजेचे दर बदलू शकतात, तर लीडचा हिशेब का नाही, याचं पटणारं उत्तर निदान मला तरी मिळालेलं नाही.

त्यात केव्हीएएचचा अंमल सुरू झाला तो लॉकडाऊनमध्ये. कारखाना बंद आणि ट्रान्सफॉर्मर चार्ज, अशा स्थितीत किलोवॅट जवळजवळ शून्य आणि केव्हीए मात्र चालूच. पॉवर फॅक्टर रसातळाला जाणारच. पुढे कपॅसिटरच्या 25 केव्हीएआरच्या ठोकळ स्टेप काढून पाच-पाच, एक-एकच्या स्टेपचे एपीएफसी पॅनल (पॉवर फॅक्टर आपोआप सांभाळणारे) आले. वेल्डिंग आणि प्रेससारखं धडधडतं लोड असलेल्यांना कॉन्टॅक्टर (यांत्रिक स्विच) पुरेनात. त्यांनी थायरिस्टरवाले (झटपट चालणारे इलेक्ट्रॉनिक स्विच असलेले) पॅनल घेतले.

आता छतावरचं सोलर. 200 किलोवॅट आणि 60 केव्हीएआर लोड असलेल्या कारखान्याचा पॉवर फॅक्टर 0.96 येतो. सोलरनं 150 किलोवॅट उचलले की ग्रिडकडून घ्यायचे उरतात 50 किलोवॅट, पण केव्हीएआर 60 च. मीटर 78 केव्हीए आणि 0.64 दाखवतो. सोलर विकणाऱ्याच्या कोटेशनमध्ये बचत 150 किलोवॅटच्या हिशेबानं लिहिलेली असते. मीटरवर मात्र 209 केव्हीएचे 78 झालेले, म्हणजे घट 131 ची. इन्व्हर्टरकडूनच केव्हीएआर घेण्याची सोय बऱ्याच मॉडेलमध्ये असते. ती सेटिंग चालू करून द्यायला सांगावं लागतं.